मुखवट्याची आतली बाजू

होळी सरून उन्हाळा तापू लागला म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात गावोगाव बोहाडा हा सोंगांचा उत्सव उभा राहतो. आणि रात्रीच्या काळोखात, सांबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या हलत्या उजेडात गणपती, शारदा, भीम, रावण, नृसिंह, वेताळ अशी एकामागून एक सोंगे जेव्हा नाचत पुढे येतात, तेव्हा पाहणाराची दृष्टी त्या चेहऱ्यांवरच्या रंगांत आणि वटारलेल्या डोळ्यांत इतकी गुंतून जाते की, त्या चेहऱ्याला आणखी एक बाजू असते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. ती बाजू पाहावयाची असेल तर सोंगे उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी, मुखवटा उलटा करून उन्हात धरावा. एकावर एक बसलेले कागदाचे तुकडे, खळीचे सुकलेले ओघळ, बोटांनी दाबल्याच्या खुणा आणि ज्याने तो रात्रभर तोंडावर वागवला त्याच्या घामाचे डाग, एवढेच तेथे आढळते. बाहेरची बाजू पुराण सांगते, आतली बाजू त्या पुराणाला देह देणाऱ्या हातांचा इतिहास सांगते. आणि माझ्या मते हा दुसरा इतिहास पहिल्याइतकाच श्रवणीय आहे.

या इतिहासाच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. देवाचा किंवा दैत्याचा चेहरा माणसाच्या चेहऱ्याएवढा असून भागत नाही. पटांगणाच्या कडेला बसलेल्या शेवटच्या म्हातारीलाही तो दिसला पाहिजे, म्हणून तो मोठा करावा लागतो. आणि मोठा केला की तो जड होतो. मूर्ती जड असली तरी हरकत नसते, कारण ती पाटावर बसते; मुखवटा मात्र जिवंत माणसाच्या मानेवर बसतो, आणि त्या माणसाला नाचावयाचे असते. बोहाड्यातील सोंगे पूर्वी लाकूड कोरून करीत असत, आणि अमुक सोंग नाचविण्याचा मान अमुक घराचा, अशी मिरासही पिढ्यानुपिढ्या चालत आलेली असे. परंतु तो मान चालविणे म्हणजे एका ओंडक्याचा भार मस्तकी धारण करणे, हेही त्या मिरासीत अध्याहृतच होते. दक्षिण कोकणातील खेळे आणि नमन या लोकनाट्यांच्या मंडळींनी संकासुर या पात्रापुरता हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला: त्याला काळ्या कापडाचाच बुरखा दिला, आणि भाराचा प्रश्नच निकालात काढला. पण कापडाला सिंहाचे जबडे येत नाहीत, गरुडाची चोच येत नाही. आकार ताठ राहावा आणि भार हलका व्हावा, या दोन परस्परविरोधी मागण्यांचा निवाडा कारागिराला करावा लागला, आणि जगाच्या पाठीवर निरनिराळ्या ठिकाणी तो आश्चर्यकारक रीतीने एकाच प्रकारचा झाला.

तो निवाडा असा, की तंतू घ्यावा, तो एखाद्या चिकट द्रव्यात भिजवावा, तयार आकारावर थराथराने बसवावा, आणि द्रव्य वाळून घट्ट झाले म्हणजे आतला आकार काढून घ्यावा. आपल्या खेड्यांतील मातीच्या भिंतीत गवताचा चुरा आणि भाताचे तूस का घालतात, हे ज्याला कळले आहे त्याला यातील मर्म निराळे समजावून सांगावयास नको. नुसती माती वाळली की तडकते, नुसते गवत उभे राहत नाही. मातीने गवताला जागेवर धरावे आणि गवताने मातीला फुटू देऊ नये, असा त्यांचा परस्परांशी करार असतो.

या कराराचे एक अतिशय जुने आणि अतिशय सुंदर दप्तर जपानातील नारा या नगरीत सुरक्षित आहे. इसवी सन ७५२ मध्ये तेथील तोदाइ-जी मंदिरात बुद्धाच्या प्रचंड धातुमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा विधी झाला, आणि तो विधी हातात कुंचला घेऊन ज्याने केला तो बोधिसेन नावाचा भिक्षू हिंदुस्थानातून ७३६ मध्ये तेथे जाऊन पोहोचला होता. त्या समारंभात गिगाकु नावाचे मुखवट्यांचे नृत्य झाले. कोरियातील कुदारा राज्यातून ६१२ मध्ये जपानात आलेल्या या नृत्यातील पात्रांमध्ये एकाचे नाव ‘बारामोन’ म्हणजे ब्राह्मण आणि दुसऱ्याचे ‘कारुरा’ म्हणजे गरुड, हे ऐकले म्हणजे आपली पुराणे किती दूरवर पायी चालत गेली होती, याची कल्पना येते. त्या मुखवट्यांपैकी दीडशेहून अधिक तेथील शोसोइन या भांडारात आजतागायत टिकून आहेत. त्यांतील बहुतेक लाकडी आहेत. परंतु काहींची घडण निराळी आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. या घडणीच्या रीतीत मातीचा आकार करून त्यावर भांगेच्या झाडाच्या सालीपासून काढलेल्या धाग्यांचे कापड ‘उरुशी’ नावाच्या वृक्षाच्या चिकात भिजवून थरावर थर देत बसवीत, तो चीक दमट हवेत घट्ट झाला की आतली माती काढून टाकीत, आणि उरे ते एक पोकळ, पातळ, टणक कवच. उरुशीचा कच्चा चीक अंगाला लागला तर त्वचेवर पुरळ उठते आणि असह्य खाज सुटते. तेव्हा हे काम करणाऱ्यांनी किती सोसले असेल, याचा हिशेब त्या भांडाराच्या कोणत्याही यादीत सापडावयाचा नाही. हा चीक फार महाग असे, आणि आठव्या शतकानंतर ही रीत मागे पडली, त्याचे हेही एक कारण होते.

जे राजाश्रयाने महागड्या चिकात साधले, ते आपल्याकडच्या गरीब कारागिराने खळीत आणि रद्दी कागदात साधले. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात, अयोध्या पहाडाच्या पायथ्याशी, चडिदा नावाच्या खेड्यात सूत्रधार समाजाची घरे छाऊ नृत्याचे मुखवटे करीत आली आहेत. बाघमुंडीच्या राजघराण्याच्या आश्रयाने ही मंडळी तेथे वसली, असे सांगतात. छाऊचा नर्तक उंच उड्या घेतो, हवेत कोलांटी मारून गुडघ्यांवर उतरतो. तेव्हा त्याच्या मस्तकावरील महिषासुर हलका असणे हा शोभेचा नव्हे, तर त्याच्या मानेच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. तेथे मातीच्या आकारावर प्रथम बारीक राख भुरभुरवितात, मग पातळ खळीत भिजविलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर चढवितात, नाक-डोळ्यांचे बारकावे मातीने उठवितात, त्यावर माती व कापड यांचा लेप देऊन लाकडी थापीने घोटतात आणि उन्हात वाळवून मुखवटा अलगद सोडवून घेतात. या सर्व क्रियांमध्ये मला मोलाची वाटते ती राखेची चिमूट. आकाराला कागदाने घट्ट बिलगावे, पण चिकटू नये, हे जी साधते ती राख नसती तर मुखवटा आणि माती यांचा वियोगच झाला नसता, आणि प्रत्येक मुखवट्यामागे एक आकार फोडावा लागला असता. साच्याच्या विद्येतील अर्धे रहस्य बसविण्यात आणि अर्धे सोडविण्यात आहे. आमच्या जव्हार तालुक्यातील रामखिंडसारख्या गावांत कागदी मुखवट्यांची जी परंपरा आहे, ती याच कुळातील; लाकडाचा भार तिने उतरविला, आणि मिरासीचा मान तेवढा मस्तकावर ठेवला.

येथवर कारागीर आकाराच्या बाहेरून थर देत होता. त्यात एक वैगुण्य असे, की प्रत्येक थरागणिक आकाराची धार बोथट होत जाते. सहाव्या थराखाली पापणी बुजते, दहाव्या थराखाली ओठाची मुरड हरवते, आणि मग ती पुन्हा वरून घडवावी लागते. यावर उपाय म्हणजे आकारच उलटा करणे: मूळ मूर्तीवरून खोलगट साचा घ्यावा आणि थर आतून द्यावेत, म्हणजे पहिला थरच चेहऱ्याचे कातडे होतो आणि पुढचे सारे थर त्याच्या पाठीशी उभे राहतात. युरोपात व्हेनिस नगरीच्या मुखवटेकारांनी ही रीत नावारूपास आणली. त्यांचा धंदा तेथे इतका प्रतिष्ठित होता की, १० एप्रिल १४३६ रोजी त्यांना स्वतंत्र सनद मिळाली आणि चित्रकारांच्या श्रेणीत त्यांची गणना झाली. भाजलेल्या जिप्समच्या भुकटीचा, म्हणजे ज्याला आपण प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणतो त्याचा साचा, त्याला आतून स्निग्ध लेप, आणि मग खळीतला कागद, अशी ती पद्धत. साचा फुटेपर्यंत एका चेहऱ्याचे अनेक चेहरे निघू लागले, आणि कारागिराच्या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू मुखवटा न राहता साचा झाली.

हेच प्लास्टर एकोणिसाव्या शतकात मुंबईस आले ते कलाशिक्षणाच्या निमित्ताने. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थ्यांची पिढीच्या पिढी रेखाटन शिकली, आणि त्याच शाळेतील गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्लास्टरमध्येच साकारून सर्वांस चकित केले. कलाशाळेतून निघालेली ही विद्या हळूहळू कारखान्यांत उतरली. शाडूच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले पेण, आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे पुढे प्लास्टरच्या पोकळ गणेशमूर्ती ओतू लागली, तेव्हा तेथील कारागिरांनी प्लास्टरमध्ये काथ्या घातला. नारळाच्या सोडणाचे ते तांबूस तंतू पांढऱ्या भुकटीत मिसळताच पातळ कवचही फुटेनासे झाले. जे तत्त्व नाराच्या कारागिराने चिकात आणि कापडात ओळखले होते, तेच कोकणच्या कारागिराने आपल्या परसातल्या माडाच्या सोडणात ओळखले.

आता या वंशावळीतील शेवटच्या पुरुषाकडे वळू. काच हे माणसाने घडविलेल्या अतिप्राचीन द्रव्यांपैकी एक. परंतु तिचा तंतू करून त्याचा काही उपयोग होईल, ही कल्पना मागाहून आली, आणि योगायोग असा, की तिचे पहिले गाजलेले दर्शन झाले तेही वेषाच्याच रूपाने. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिबी या काच-उत्पादकाने काचेचे व रेशमाचे धागे एकत्र विणून केलेला पोशाख मांडला, आणि तो जॉर्जिया केव्हन नावाच्या नाट्य-अभिनेत्रीसाठी तयार केलेला होता. तो चमके खूप, पण त्याची घडी घातली तर धागे तुटत. पुढे १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले की, काच ठिसूळ असते ती तिच्यावरच्या सूक्ष्म चिरांमुळे, आणि तिचा तंतू जितका बारीक तितका तो बळकट. १९३२ मध्ये अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या दोन ठोकळ्यांचा सांधा करण्याच्या खटपटीत असता दाबाखालच्या हवेचा झोत वितळत्या काचेच्या धारेवर पडला आणि केसाहून बारीक तंतूंचा पाऊस पडला. त्यातून काचतंतूचा कारखानदारी व्यवसाय उभा राहिला, १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि त्याच दशकात सिद्ध झालेली पॉलिएस्टर राळ या तंतूला जोडीदार म्हणून मिळाली. दुसऱ्या महायुद्धात रडारवरील घुमट या जोडद्रव्याचे, म्हणजे फायबरग्लासचे, केले गेले, कारण त्यातून लहरी निर्वेध पार होत. १९५३ मध्ये कॉर्व्हेट मोटारीचे अंग त्याचेच घडले. पण युद्ध आणि मोटार यांची चाकरी करून ते अखेर सोंगाच्या घरी आलेच. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील डार्थ व्हेडरचा काळा शिरस्त्राण-मुखवटा ब्रायन म्यूर या शिल्पकाराने नटाच्या मस्तकाच्या प्रतिकृतीवर मातीत घडविला, त्याचा प्लास्टरचा साचा झाला, आणि साच्यातून निघाला तो फायबरग्लासचा चेहरा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७५ साली, पुण्याच्या तुळशीबाग मंडळाच्या गणपतीची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी याच द्रव्यात घडविली होती. सातासमुद्रापलीकडचा चित्रपट आणि पुण्याचा गणेशोत्सव, दोघांनीही भव्य चेहऱ्याचा भार उतरविण्यासाठी एकाच राळेचा आश्रय घ्यावा, यात मला त्या जुन्या अडचणीचीच साक्ष दिसते.

हे सारे मी केवळ पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील स्नेहसंमेलनात प्रल्हादाचे आख्यान करावयाचे ठरले, तेव्हा नृसिंहाचा मुखवटा घरीच करावा, असे मनात आले. एक मडके पालथे घालून त्यावर शाडूचा सिंह घडविला. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध पत्र्याच्या पातळ पट्ट्या रोवून त्याचे दोन भाग केले, आणि प्लास्टरचा पहिला हात पातळ, दुसरा काथ्या घालून जाड, असा साचा घेतला. प्लास्टर घट्ट होताना हाताला जो उबारा लागतो, तो ज्याने अनुभवला त्याला साचा निर्जीव वाटत नाही. साचा वाळवून, लाखेचे रोगण देऊन, मेण घोटून दोन्ही भाग सुतळीने बांधले, आणि पडवीत, वाऱ्याच्या तोंडाशी बसून, हातमोजे व नाकातोंडावर श्वसनाची जाळी चढवून कामास लागलो. प्रथम जेलकोटचा, म्हणजे पृष्ठभागाच्या राळेचा, लेप. तो चिकटसर झाला की चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या काचतंतूच्या मॅटचे दोन थर. मॅट कात्रीने कापू नये, हाताने फाडावी, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. ब्रश ओढू नये, टोचत टोचत चालवावा, म्हणजे हवा बाहेर पडते. राळेत कोबाल्टचा अंश आधी मिसळलेला असावा आणि शेकडा एक ते दोन या प्रमाणात हार्डनर मागाहून घालावा, हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्यांचा भडका उडतो. दुसऱ्या दिवशी साचा उकलला तेव्हा सिंहाचा डावा कान साच्यातच राहिला.

जवळच्या गणपतीच्या कारखान्यातील एक वृद्ध कारागीर काथ्या देऊन गेले होते. ते पाहावयास आले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिले नाही. मुखवटा उलटा केला, आतून बोट फिरविले आणि म्हणाले, “गुरुजी, कानाच्या मागं मेण पोचलंच नाही. आणि इथं कान आत वळलाय, तो सुटायचा कसा? जरा बाहेर काढा त्याला.” मग गालाच्या आतील एका पांढुरक्या ठिपक्यावर नख आपटून म्हणाले, “इथं हवा राहिली.” एखादा जाणता वैद्य नाडी पाहून जे सांगतो, ते त्यांनी आतल्या बाजूवरून सांगितले. नाराची माती, चडिद्याची राख, व्हेनिसचा स्निग्ध लेप, हे सर्व मला त्या क्षणी एका वाक्यात समजले. कान बाहेर काढला, मेण तीनदा घोटले, आणि दुसरा मुखवटा अखंड सुटला.

या द्रव्याचे गुण गाताना त्याचा एक दोष मला सांगितला पाहिजे. कागदाचा मुखवटा पावसाळ्यात दमटतो, त्याला कसर लागते, उंदीर कुरतडतात. म्हणून दर काही वर्षांनी तो नव्याने करावाच लागे, आणि तो करताना बापाच्या शेजारी मुलगा बसे. वस्तू नाशवंत होती म्हणून विद्या टिकली. फायबरग्लासचा नृसिंह कुजत नाही, त्याला कसर लागत नाही; तो एकदा केला की दोन पिढ्या पुरतो, आणि तिसऱ्या पिढीत त्याला तडा गेला की तो कसा केला होता हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. वस्तू टिकली आणि हात विसरला, असा हा व्यवहार होऊ द्यावयाचा नसेल, तर मुखवट्याबरोबर साचाही जतन केला पाहिजे, आणि साच्याबरोबर तो उकलण्याची रीतही मुलांच्या हाती दिली पाहिजे. जो मनुष्य आपल्या पडवीत बसून एखाद्या सोंगासाठी स्वतः साचा घेतो, त्याच्या खटपटीकडे मी म्हणूनच आदराने पाहतो. बापाशेजारची ती रिकामी जागा तो भरून काढीत असतो.

आमच्या मुखवट्याची बाहेरची बाजू केशरी-पिवळ्या रंगाने झळाळत होती. आतली बाजू मात्र मी मुद्दाम रंगविली नाही. काचेचे तंतू टोचू नयेत म्हणून ती घासून राळेचा एक हात दिला, कपाळाशी जुन्या धोतराची घडी बसविली, एवढेच. प्रयोग संपल्यावर आठवीतल्या त्या नृसिंहाने घामाघूम होऊन मुखवटा उतरविला आणि दिव्याखाली नेऊन उलटा केला. पिवळसर पारदर्शक कवचात आडवेतिडवे विखुरलेले तंतू स्पष्ट दिसत होते, आणि त्यांवर ब्रशच्या टोचण्याच्या खुणाही. बराच वेळ तो त्यावरून बोट फिरवीत राहिला. मग त्याने विचारले, “गुरुजी, साचा अजून आहे ना?” साचा माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. पुढच्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून तो खाली काढला.